चेष्टा आणि हजेरी: कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा गिरणीपासून ऊसफडापर्यंतचा इतिहास

कामाच्या ठिकाणी स्त्रीला उद्देशून केलेला अश्लील विनोद हा वाह्यात स्वभावाचा किंवा संस्कारांच्या अभावाचा प्रश्न आहे, असे आजवर बहुधा मानले गेले. महाराष्ट्रातील श्रमाचा इतिहास तपासला असता मात्र तो मुख्यतः हजेरीचा प्रश्न होता, असे दिसते. हजेरी म्हणजे येथे केवळ पटावरची खूण नव्हे, तर आज कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला दारातून परत पाठवायचे, चांगला माल कोणाच्या वाट्याला द्यायचा आणि खाडा, म्हणजे गैरहजेरी, कोणाची माफ करायची हे ठरवण्याचा अधिकार. हा अधिकार ज्याच्या हाती असे, त्याने केलेल्या चेष्टेला उलट उत्तर देणे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होते.

ग्राम्य आणि शृंगारिक विनोद मराठी समाजाला अपरिचित नव्हता. शिमग्याला बोंबा मारण्याची आणि अचकटविचकट बोलण्याची मोकळीक असे, लग्नात विहिणीची टर उडवणारी गाणी बायकाच म्हणत, आणि तमाशातील सोंगाड्या द्व्यर्थी बोलण्यावरच टाळ्या घेई. परंतु या प्रत्येक प्रकाराला जागा आणि वेळ नेमलेली होती. शिमगा सरला की बोंब बंद होई, आणि विहिणीच्या बाजूकडील बायका त्याच सुरात परतफेड करू शकत. ही मोकळीकही सर्वांना सारखी लाभत नसे, हे नमूद केले पाहिजे. तमाशाच्या फडातील स्त्री कलावंत बहुतांशी खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून येत, फड हीच त्यांची कामाची जागा असे, आणि प्रेक्षकांतून येणारे शेरे हा पेशाचाच भाग समजून त्यांना ते सोसावे लागत. गिरणीत जो विनोद रुजला तो याच दुसऱ्या प्रकारचा होता: त्याला सण नव्हता, अवधी नव्हता आणि परतफेडीची सोय नव्हती.

कावसजी दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेव येथे सुरू झाली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा या परिसरात गिरणगाव उभे राहिले. या गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण १९२०च्या दशकापर्यंत साधारण एक पंचमांश होते. रत्नागिरी, सातारा, पुणे आणि नगर या जिल्ह्यांतून आलेल्या या स्त्रियांत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांची संख्या मोठी होती, आणि त्या मुख्यतः दोन खात्यांत एकवटलेल्या होत्या: एक रिळिंग, म्हणजे सुताच्या लडी करण्याचे खाते, आणि दुसरे वाइंडिंग, म्हणजे चात्यांवरचे सूत पुढील कामासाठी कांड्यांवर भरण्याचे खाते. दोन्ही ठिकाणी मजुरी तुकड्यावर, म्हणजे जितके सूत उतरेल तितकी, मिळत असे, आणि येथेच जॉबरच्या सत्तेचे मर्म होते.

जॉबर हा नावाला खात्यावर देखरेख करणारा मुकादम होता. प्रत्यक्षात तो भरती करणारा, काम वाटणारा, रजा देणारा आणि काढून टाकणारा होता, आणि पुष्कळदा खोली मिळवून देणारा, वाण्याकडे उधारीसाठी शब्द टाकणारा किंवा स्वतः व्याजाने पैसे देणाराही तोच असे. सकाळी गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बदली कामगारांतून, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल तरच ज्यांना काम मिळे अशा लोकांतून, तो माणसे निवडत असे, आणि निवड होण्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे ठरावीक लाच, द्यावी लागे. वाइंडिंग खात्यातील स्त्रीच्या बाबतीत ही सत्ता आणखी बारीक रीतीने चालू शके. चांगल्या सुताच्या चात्या मिळाल्या तर कांड्या भराभर भरत. कच्चे सूत वाट्याला आले की धागा घडोघडी तुटे, प्रत्येक तुटलेला धागा हाताने गाठ मारून जोडावा लागे, दिवसाचे वजन घटे आणि वर खराब कामाचा दंड बसे. असा दंड करण्यावर कायद्याने मर्यादा आली ती १९३६च्या वेतन अदायगी कायद्यानंतर. ज्या माणसाच्या एका इशाऱ्यावर सूत बदलू शकते, त्याने सर्वांदेखत केलेल्या घाणेरड्या शेऱ्यावर हसण्यावाचून त्या स्त्रीजवळ फारसा पर्याय नव्हता, आणि या हसण्याचाच पुढे तिच्या संमतीचा पुरावा म्हणून उपयोग होई. गिरणीतल्या बायकांविषयी शहरात जी बदनामीची भाषा रूढ झाली तिचे एक मूळ येथे आहे: सत्ता जॉबरची होती, पण डाग मात्र कामकरणीच्या नावाला लागला.

स्त्रियांच्या खात्यावर अनेक गिरण्यांत नायकीण, म्हणजे स्त्री मुकादम, नेमलेली असे. तिच्यामुळे प्रश्न सुटला असे मात्र म्हणता येत नाही, कारण नायकिणीच्या हातीही भरतीची तीच किल्ली होती, तीही दस्तुरी घेत असे आणि तिचे स्वतःचे स्थान वरच्या पुरुषांच्या मर्जीवर टिकून असे. जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१च्या अहवालात जॉबरच्या हातातील भरती काढून ती कामगार अधिकाऱ्याकडे सोपवावी असे सुचवले, आणि जेथे स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात तेथे त्यांच्या देखरेखीसाठी व कल्याणासाठी एक सुशिक्षित स्त्री नेमावी अशी शिफारसही केली. आयोगाला रोग कळला होता, हे मान्य करावे लागेल. मुंबईत १९३५ पासून बदली कामगारांना पास देण्याची पद्धत सुरू झाली आणि जॉबरच्या मनमानीला काही प्रमाणात आळा बसला. तरीही त्याचे खात्यातील वजन पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले.

याच काळात राज्यसंस्थेने स्त्रीच्या संरक्षणासाठी निवडलेला मार्ग निराळा होता. १८९१च्या कारखाना कायद्याने स्त्रियांचे कामाचे तास अकरांवर आणले, १९११च्या कायद्याने त्यांना रात्री कामावर ठेवण्यास कापड गिरण्यांत मनाई केली आणि मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला. यांतील प्रत्येक तरतुदीमागे स्त्रियांच्या आरोग्याचा आणि कुटुंबाचा खरा विचार होता, आणि प्रसूती लाभाचे मोल तर कोणत्याही अर्थाने कमी लेखता येणार नाही. परंतु १९३०च्या दशकात गिरणीमालकांनी यंत्रे सुधारून माणसे कमी करण्याचे धोरण स्वीकारले आणि दुहेरी पाळ्या चालू केल्या, तेव्हा रात्री न चालणारी आणि बाळंतपणाचा खर्च पाडणारी कामकरीण प्रथम नकोशी झाली. स्वातंत्र्याच्या सुमारास गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण बरेच खाली आले होते आणि पुढे ते घसरतच गेले. रात्रपाळी स्त्रीच्या अब्रूला धोक्याची आहे असे ठरवताना धोका ज्यांच्यापासून होता त्यांना शिस्त लावण्याचा विचार मागे पडला आणि जिला धोका होता तिलाच जागेवरून हलवले गेले. या उलट्या न्यायाचे पडसाद १९४८च्या कारखाना कायद्यातही उमटले.

तक्रार करू इच्छिणाऱ्या स्त्रीसमोर फौजदारी कायदा होता, परंतु त्याची रचना तिच्या कामाशी संबंध नसलेली होती. १८६०च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३५४ विनयभंगाच्या हेतूने केलेल्या बळजबरीविषयी होते, तर कलम ५०९ स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या उद्देशाने उच्चारलेला शब्द किंवा केलेला हावभाव यांविषयी. दोन्हींत हेतू सिद्ध करावा लागे, आणि विनोद करणाऱ्याचा पहिला बचाव हेतू नव्हता हाच असतो. त्याच संहितेतील कलम ९५ असे सांगत होते की सर्वसामान्य समजाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा ठरत नाही. ‘गंमत केली, एवढे काय’ या रोजच्या उद्गाराला कायद्याच्या पुस्तकात मिळालेला आश्रय तो हाच. नोकरी, बढती, बदली, पाळी यांतले काहीही या कलमांच्या चौकटीत नव्हते. स्त्रीचे शील तेवढे मोजले जाई, आणि ते मोजताना तिच्याच चारित्र्याची उलटतपासणी होई.

अधिकाराचा मुद्दा कायद्यात प्रथम शिरला तो महाराष्ट्रात घडलेल्या एका प्रकरणाच्या रेट्याने. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये जाहीर पत्र लिहिले आणि १९८०च्या आंदोलनात मुंबईतील स्त्रिया मोठ्या संख्येने उतरल्या. १९८३च्या दुरुस्तीने कोठडी, तुरुंग आणि रुग्णालय येथे अधिकारपदाचा गैरवापर करून ठेवलेले संबंध हा स्वतंत्र गुन्हा मानला. स्त्रीचे गप्प राहणे समोरच्याच्या पदामुळेही असू शकते, ही गोष्ट यामुळे प्रथमच कायद्याच्या भाषेत आली. मात्र कारखाना आणि कचेरी त्या यादीत नव्हत्या.

कचेरीतील आणि अधिकारी वर्गातील स्त्रीही या बाबतीत सुरक्षित नव्हती, हे रूपन देओल बजाज यांच्या खटल्याने दाखवून दिले. भारतीय प्रशासन सेवेतील या अधिकारी स्त्रीशी जुलै १९८८ मध्ये चंडीगड येथील एका मेजवानीत पंजाबचे तत्कालीन पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी केलेल्या गैरवर्तनाची तक्रार उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्यासाठी कलम ९५च्या क्षुल्लकतेचा आधारही घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९५ मध्ये हा निर्णय फिरवला, खटला चालवण्यास सांगितले आणि पुढे गिल दोषी ठरले. वरच्या श्रेणीतील अधिकारी स्त्रीलाही आपली तक्रार हास्यास्पद नाही एवढे ठरवून घेण्यासाठी सात वर्षे लागली, यावरून वाइंडिंग खात्यातील कामकरीण पोलीस चौकीची पायरी का चढली नाही हे समजू शकते.

खरे वळण आले ते राजस्थानातून. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातील साथिन, म्हणजे गावपातळीवरची मानधनी कार्यकर्ती, असलेल्या भंवरीदेवी यांनी भटेरी गावात बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला आणि सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. ही आपत्ती त्यांच्यावर सरकारी काम करताना ओढवली होती, म्हणून ‘विशाखा’ आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. यांपैकी सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती होत्या. या निकालात लैंगिक छळाच्या व्याख्येत लैंगिक स्वरूपाचे शेरे स्पष्टपणे घातले गेले आणि कसोटी बदलली: करणाऱ्याचा हेतू काय होता याऐवजी ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते की नाही, हे पाहायचे ठरले. छळ हा समानतेच्या आणि कोणताही व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात मानला गेल्याने प्रश्न अब्रूच्या चौकटीतून निघून कामाच्या अटींत आला, आणि खासगी मालकांनीही स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्तींच्या नियमांत, त्याची मनाई नोंदवावी असे सांगण्यात आले.

निकाल लागला म्हणून त्याने सांगितलेल्या तक्रार समित्या स्थापन झाल्या असे घडले नाही. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेतील मेधा कोतवाल-लेले यांनी हे दुर्लक्ष सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले. त्यावर २००४ मध्ये तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानावा असा आदेश झाला, आणि त्यामुळे स्त्रीला तीच हकिकत पुन्हा दुसऱ्या चौकशीत सांगण्याची सक्ती उरली नाही. प्रत्यक्ष व्यवहारात या आदेशाचे महत्त्व मूळ निकालाइतकेच मोठे आहे. ऑक्टोबर २०१२ मध्येही न्यायालयाला राज्यांची कानउघाडणी करावी लागली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीचा संसदेचा कायदा ९ डिसेंबर २०१३ रोजी अंमलात आला, तेव्हा विशाखा निकालाला सोळा वर्षे उलटून गेली होती.

या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती बंधनकारक केली, आणि जेथे तशी समिती नाही किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे तेथे जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीची सोय केली. पण जॉबर ज्या रूपात आजही हयात आहे ते रूप या व्यवस्थेच्या कक्षेत नीट येत नाही. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कामगारांची टोळी मुकादम बांधतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचे एक एकक, धरला जातो आणि उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातावर ठेवली जाते. खाड्याचा दंड येथेही आहे, आणि उचल व हा दंड फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. फडाशेजारच्या कोप्यांना दार नसते, आंघोळीला आडोसा नसतो, ऊस भरण्याचे काम अपरात्रीही लागते, आणि अशा ठिकाणी मुकादमाचा किंवा वाहन घेऊन आलेल्या माणसाचा शेरा स्त्रीने ऐकून घ्यावा हे गृहीत धरले जाते. कारखाना म्हणतो ही माणसे आमची नव्हेत, मुकादम म्हणतो मी फक्त माणसे पुरवतो. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते; तेवढ्या अवधीत टोळीचा मुक्काम अनेकदा हललेला असतो, आणि ज्या जिल्ह्यातील समितीकडे जायचे त्या जिल्ह्यात तिच्या ओळखीचे कोणी नसते. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटना स्त्री ऊसतोड कामगारांच्या स्वतंत्र नोंदणीचा आग्रह धरत आल्या आहेत तो याच कारणासाठी, कारण कोयत्यातील अर्धा हिस्सा म्हणून राबणाऱ्या स्त्रीजवळ तो फड तिचीही कामाची जागा होती हे दाखवणारा कागद बहुधा नसतो.