राजवाड्यातला छंद

गोव्याहून कोकणात जाताना आपल्यापैकी बहुतेकांची गाडी सावंतवाडीच्या चितारआळीशी थांबतेच. भोवरे, भातुकली, खरी वाटावीत अशी लाकडी फळे! हलक्या पांगाऱ्याची ही खेळणी चितारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली. त्यांच्याच हातची गंजिफा, म्हणजे दशावतारी डावाची १२० गोल पाने, मात्र छापील पत्त्यांपुढे मागे पडली. ती कला जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी त्यांच्यापाशी शिकायला बसले. हौस तिथेच थांबली असती, तर ही पाने आज फक्त काचेच्या कपाटात दिसली असती. पण दोघांनी राजवाड्याच्या दरबारातच कारागीर बसवले, त्यांच्या हाताला काम दिले आणि गंजिफेच्या जोडीला लाखेच्या रंगातली खेळणी, दिवे, फर्निचर विक्रीला ठेवले. नुसत्या गंजिफेवर कुणाची चूल पेटली नसती, असे मला वाटते. एकेक पान हाताने रंगवायचे म्हणजे किती दिवस जातात! राणीसाहेब २०१८ साली गेल्या. पुढच्या खेपेला राजवाड्यात जाल तेव्हा किमतीची घासाघीस करण्याआधी कारागिराच्या हातातला कुंचला जरूर पाहा. केसाएवढा बारीक असतो.