डागडुजीची तरतूद

युरोपातले सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाचे मठ पाहून आलेली मंडळी हमखास विचारतात, आठ-नऊशे वर्षं ही माणसं वास्तू टिकवतात कशी? निम्मं उत्तर कोल्हापुरातच आहे, शुक्रवार वेशीजवळच्या जैन मंदिरापाशी मिळालेल्या शिलालेखात. बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बांधायची तर तिच्या दुरुस्तीचा खर्चही लावून द्यायचा, ही रीत त्यात दगडावर कोरलेली आहे.

लेख शिलाहार राजा विजयादित्याचा, शके १०६५चा. माघी पौर्णिमा, चंद्रग्रहण. इंग्रजी हिशेबाने ११४३चा फेब्रुवारी. वळवाडच्या मुक्कामातून राजाने हाविन-हेरिलगे गावातलं शेत दिलं. किती? पाव निवर्तन, तेही कुंडी देशाच्या मापाने, आणि सोबत बारा हातांचं घर. जहागीर म्हणावी असं यात काही नाही. पण खर्चाच्या बाबी चोख आहेत: पार्श्वनाथाची अष्टविध पूजा, मोडक्यातुटक्याचा जीर्णोद्धार आणि तिथल्या यतींचा आहार.

बस्ती राजाने बांधलेली नव्हतीच. बांधणारा वासुदेव हा सामंत कामदेवाच्या पदरचा माणूस आणि माघनंदी सैद्धान्तिकांचा शिष्य. माघनंदी म्हणजे क्षुल्लकपूरच्या, अर्थात कोल्हापूरच्या, रूपनारायण बस्तीचे आचार्य. त्यांचेच दुसरे शिष्य माणिक्यनंदी पंडित यांचे पाय धुऊन राजाने हे दान त्यांच्या हवाली केलं.

कागलजवळच्या बामणीचा लेख शके १०७३चा. राजा तोच, पुन्हा चंद्रग्रहण, पुन्हा शेत आणि बारा हातांचं घर, आणि त्याच तीन बाबी. मसुदा ठरून गेला होता हे उघड आहे. ‘दे दान सुटे गिऱ्हाण’ ही हाळी आपण लहानपणी ऐकली. ग्रहणातल्या दानाचा हा राजेशाही अवतार.

याच काळात फ्रान्समध्ये सिस्टर्सियन पंथ फोफावत होता. १०९८ साली सितोला सुरू झालेल्या या पंथाने सुरुवातीला खंड, धर्मकर असलं उत्पन्नच नाकारलं. शेती स्वतः कसायची, मदतीला मठातलेच श्रमिक बंधू. जैन मुनींना ती वाट बंदच होती. नांगर धरला की जीवहिंसा आली. तेव्हा शेत दुसऱ्याने कसायचं आणि त्यातून बस्ती सांभाळायची, हाच मार्ग उरला.

मात्र स्वकष्टाने मठ उभा राहिला, तरी टिकवायला पुढे पैसा लागतोच. १११८ साली स्थापन झालेला याच पंथाचा फोंतने मठ फ्रेंच राज्यक्रांतीत विकला गेला, त्यात कागदाचा कारखाना चालला, आणि १९०६मध्ये एदुआर एनार यांनी तो विकत घेऊन दुरुस्त केला, म्हणून आज पाहायला मिळतो.

आपल्याकडे मंदिराच्या कळसाला वर्गणी लगेच जमते. गळक्या छताला मात्र कोणी वाली नसतो. जीर्णोद्धार समित्यांनी पावतीपुस्तक छापताना त्यात वार्षिक डागडुजीचा एक रकाना जरूर ठेवावा.