भेडाघाटची राणी आणि तिची दोन गावे

जबलपूरहून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर नर्मदा एका अरुंद घळीत शिरते. धुवांधारपर्यंत ऐसपैस पसरून आलेला तिचा प्रवाह तेथे कोसळतो आणि पुढे संगमरवराच्या दोन उभ्या भिंतींमध्ये एकाएकी मुका होतो. नावेतून आत जाणाऱ्यास आपण एखाद्या गुहेत आलो असे वाटावे, इतके त्या भिंती एकमेकींच्या जवळ येतात. छत तेवढे नाही. एका ठिकाणी तर वानराने उडी मारून पैलतीर गाठावे अशी चिंचोळी वाट, म्हणून तिचे नाव बंदरकूदनी. पांढऱ्या खडकात मधूनच काळसर, हिरवट शिरा दिसतात. नावाडी त्यांत हत्ती, घोडे, ऋषिमुनी दाखवितात आणि प्रवासीही ते मोठ्या श्रद्धेने पाहतात. चांदण्या रात्रीच्या या नौकाविहाराची वर्णने पुष्कळ झाली आहेत; त्यांत भर घालण्याचे कारण नाही.

वर्णने झाली नाहीत ती काठावरच्या गावांची. घळीच्या वरच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देवालय आहे. नाव चौसष्टांचे, पण कोनाडे मोजू गेल्यास ऐंशीच्या वर भरतात. दहाव्या शतकात, त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या अमदानीत ते उभे राहिले. मध्यभागी नंदीवर आरूढ झालेले गौरीशंकर आहेत. या देवालयातून एक भुयार थेट राणी दुर्गावतीच्या महालापर्यंत जाते, असे गावकरी आवर्जून सांगतात. दुर्गावती ही सोळाव्या शतकातील गोंड राणी. मोगलांशी लढताना १५६४ मध्ये ती धारातीर्थी पडली. तिची स्मृती या मुलुखात इतकी जागती आहे की प्रत्येक जुना दगड तिच्याच नावावर जमा होतो.

परंतु या घाटावर उपकार केले ते दुसऱ्याच एका राणीने. तिचे नाव अल्हणदेवी. मेवाडच्या गुहिल राजा विजयसिंहाची ही कन्या, माळव्याच्या परमार उदयादित्याची दौहित्री आणि त्रिपुरीच्या गयाकर्णाची पत्नी. पतीच्या मागे, पुत्र नरसिंह गादीवर असताना, तिने येथे वैद्यनाथ नावाने शिवमंदिर बांधविले. मंदिराबरोबर मठ उभारला, व्याख्यानशाळा उभारली, बागाही लावविल्या. कलचुरी संवत ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मधील तिच्या शिलालेखात हे सारे नमूद आहे. व्यवस्था पाशुपत आचार्य रुद्रराशीकडे सोपविली होती.

राणीला व्यवहार कळत होता. देवालय भक्तीने उभे राहते. पण शाळेत अध्ययन करणाऱ्यांना दोन वेळचे अन्न लागते. म्हणून तिने जाउली विभागातील नामउंडी आणि नर्मदेच्या उजव्या तीरावरील मकरपाटक अशी दोन गावे तोडून दिली. मकरपाटक म्हणजे मगरींचे गाव म्हणावयाचे. नदीकाठच्या वस्तीला याहून साजेसे नाव कोणते? कवी शशिधराने प्रशस्ती रचताना राजकुळाचे गोडवे गाइले, ते रीतीप्रमाणेच. परंतु मठाच्या चुली पेटत्या राहिल्या असतील त्या या दोन गावांच्या नांगरांवर.

मग गावांना ही राणी आठवत का नाही? याचे एक कारण शिलेच्या प्रवासात सापडते. मराठ्यांची सत्ता जाऊन १८१७ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढे सागर प्रांतात शिक्षण खात्यात असलेले अमेरिकन संस्कृतज्ञ फिट्झएडवर्ड हॉल यांनी हा लेख वाचून प्रसिद्ध केला आणि शिला समुद्रापार न्यू हेवन येथे, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात पोहोचली. विद्वानांची सोय झाली खरी. मात्र ज्या घाटाची ती सनद होती, तो घाट तिला पारखा झाला. दगड समोर असता तर त्याची लिपी गावाला वाचता आली असती असे नव्हे. पण हा कोणाचा लेख, असे एखाद्या मुलाने विचारले असते. विचारण्याजोगे काही उरले नाही तेथे भुयाराची कथा येऊन बसली.

कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर, जबलपूरहून भेडाघाटला जाणाऱ्या वाटेवरचे खेडे. त्याच्या शेजारच्या करणबेलचे घडीव दगड मागील काळात बांधकामांसाठी उपसले गेले. तरीही मातीने थोडेफार राखून ठेवले होते. सागर विद्यापीठाच्या वतीने मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ च्या सुमारास तेवरला उत्खनन केले. १९५५ मध्ये महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरींचे सारे कोरीव लेख एकत्र संपादून छापले. अल्हणदेवीच्या लेखाला त्या वर्षी बरोबर आठशे वर्षे होत होती. हा योग कोणी मुद्दाम जुळविलेला नसावा. नागपूरला राहून मिराशींनी कलचुरींच्या गावांचा माग काढला आणि नामउंडी व मकरपाटक ही नावे पुन्हा भारतीय अभ्यासकांच्या हाती आली.

भेडाघाटला कार्तिकी पौर्णिमेची जत्रा भरते. १८३५ च्या सुमारास स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहून आपल्या ग्रंथाचा आरंभच तिच्या वर्णनाने केला. आसपासच्या खेड्यांतील माणसे अजूनही पहाटे नर्मदेत स्नान करतात, टेकडीच्या पायऱ्या चढून गौरीशंकराला पाणी घालतात आणि उतरताना मऊ दगडाच्या कोरीव मूर्ती मुलांसाठी विकत घेतात. त्यांच्यापैकी एखाद्याचे शेत कदाचित जुन्या मकरपाटकाच्या शिवारातही असेल.