सांडलेल्या पाण्याचे वजन

सोने अस्सल की भेसळीचे, हे न वितळवता कसे ओळखावे? ख्वारिझम येथे इ. स. ९७३ मध्ये जन्मलेल्या अल् बिरूनी यांनी त्यासाठी निमुळत्या गळ्याचे, बाजूस नळी असलेले भांडे तयार केले. ते पाण्याने भरून त्यात धातू सोडायचा व नळीतून सांडलेले पाणी तोलायचे. १०० मिस्काल सोन्याने सव्वापाच मिस्काल पाणी सांडले. म्हणजे सोने पाण्याच्या १९ पट घन. आजचा आकडा १९.३ आहे! असेच कोष्टक अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’तही आहे.

भिवंडीच्या पालकहो, या नावांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. पण त्यांनी स्वतः मोजून पाहिले होते. मुलांच्या हाती तराजू, भरलेला लोटा व मागाचा लोखंडी बोल्ट द्या. उत्तर आठाच्या जवळ येईपर्यंत त्यांना मोजू द्या.