थोरल्या भावाची शाबासकी



ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली झाली, हे आपल्याला पाठ असते. पण तेव्हा ज्ञानोबारायांचे वय काय होते? जन्मशक ११९७ धरला, तर पंधरा! निवृत्तिनाथ अवघ्या दोन वर्षांनी थोरले. मायबाप गेलेले, कपाळी 'संन्याशाची पोरे' हा शिक्का. ज्यांना लोकांनी पंक्तीत घेतले नाही, त्यांतल्या एका लेकराने नेवाशास गीतेवर नऊ हजार ओव्या सांगितल्या. हे बळ कोठून आले?

परंपरा सांगते, ग्रंथ पुरा झाल्यावर निवृत्तिनाथ नुसती वाहवा करून थांबले नाहीत. ही गीतेची टीका झाली, आता स्वतःचा अनुभव सांग, अशी त्यांनी आज्ञा केली. त्यातून अमृतानुभव आला. झाल्या कामाचे मोल त्यांनी जाणले आणि त्याहून मोठे काम विश्वासाने हाती दिले. हीच खरी शाबासकी.

धाकट्या मुक्ताईचेही तेच. दादा जगावर रुसून ताटी लावून बसला, तेव्हा तिने त्याला हिणवले नाही की खोटे गोंजारले नाही. तू कोण आहेस, याची आठवण दिली.

हे मी आयुष्यभर कीर्तनात सांगितले आणि वागलो उलटे. एकदा साथीला बसलेल्या कोवळ्या पोराचा मृदंगावर ठेका चुकला. मी भर सभेत म्हणालो, "गोरोबांचे थापटणे लावले, तर हे मडके कच्चे निघेल." सभा हसली. पुढच्या एकादशीला पोर आले नाही, नंतरही कधी नाही. नामदेवरायांना कच्चे म्हटले गेले खरे. पण पुढे त्यांना विसोबा खेचरांसारखे गुरू लाभले. गोष्टीचा हा उत्तरार्ध मी त्या पोराच्या वाट्याला येऊ दिला नाही.

आता नात हरिपाठ म्हणताना अडखळते, तेव्हा मी तिला 'हुशार' म्हणत नाही, 'ढ'ही म्हणत नाही. म्हणतो, "बाळ, काल अडलीस ते चरण आज नीट आले. उद्या चाल तू धर, आम्ही मागे म्हणू."

माउली, तुमच्याही घरी असे एखादे लेकरू असेल. त्याला आज काय म्हणालात, ते निजण्यापूर्वी एकदा आठवून पाहा.

राम कृष्ण हरी.