तळटीप : पेनड्राइव्ह रिकामा, फोल्डर भरलेला

* नेरूळ स्टेशनचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवताना जागा असूनही संगणक अडला, याचे कारण फोल्डरची मर्यादा. फाइली साठवण्याच्या फॅट-३२ पद्धतीत एका फोल्डरची यादी २ एमबीपलीकडे वाढत नाही. ३२ बाइटची एक, अशा ६५,५३६ नोंदी. मात्र एक फाइल म्हणजे एक नोंद नव्हे. लांब नावासाठी दर १३ चिन्हांमागे जादा नोंद लागते आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘नेरूळ स्टेशन ००१’ हे नाव ‘डॉट जेपीजी’ या शेपटासह २० चिन्हांचे. मूळ एक आणि जादा दोन, अशा तीन नोंदी. म्हणजे सुमारे २१,८०० फोटोंतच फोल्डर भरतो. वाचकांनी मराठी नावे सोडू नयेत. वर्षवार फोल्डर करावेत. – संपादक