पोलिसांपुढील कबुली

फौजदारी न्यायाचा इतिहास म्हटला की गाजलेल्या खटल्यांची आठवण निघते. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने त्यातील फार मोलाची गोष्ट कायद्याच्या एका आखूड वाक्यात आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्ध करता येत नाही, हे ते वाक्य होय. राज्यकर्त्यांनी आपणच नेमलेल्या चाकरांच्या शब्दावर विसंबू नये, असा हा विलक्षण नियम. खुद्द इंग्लंडच्या कायद्यात तो नाही. तेथे कबुली खुषीची असली म्हणजे ती पोलिसांपुढे दिली एवढ्यावरून बाद होत नाही. मग हिंदुस्थानातच हा निर्बंध का आला?

त्याचे उत्तर मद्रास इलाख्यात सापडते. तेथे सारावसुलीसाठी व गुन्हे कबूल करविण्यासाठी रयतेचा छळ होतो, हा प्रश्न १८५४ साली ब्रिटिश पार्लमेंटात निघाला. कंपनी सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे एकोणीसशेंहून अधिक तक्रारी आल्या आणि १८५५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. माणसाला वाकवून दोरीने जखडणे, बोटे लाकडी चापांत चेपणे, डोळ्यांत मिरपूड घालणे अशा प्रकारांची त्यात नोंद आहे. साऱ्याची वसुली व पोलिसी सत्ता पुष्कळ ठिकाणी एकाच कनिष्ठ नोकरांच्या हाती असल्यामुळे गाऱ्हाणे कोणापुढे न्यावे, हाच रयतेपुढे पेच होता.

या अहवालानंतर सहा वर्षांनी, १८६१ मध्ये, पोलीस कायदा व फौजदारी कार्यपद्धतीची पहिली संहिता असे दोन कायदे झाले. पोलिसांपुढील कबुली बाद ठरविणारी कलमे त्या संहितेत प्रथम आली. पुढे सरकारचे कायदेमंत्री जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी १८७२ च्या पुरावा कायद्यात ती २५ ते २७ या क्रमांकांखाली घेतली. छळाच्या मुळाशी क्रौर्याइतकाच आळस असतो, हे निदान स्टीफन यांनीही नोंदवून ठेवले आहे. उन्हातान्हात साक्षीपुरावा शोधीत फिरण्यापेक्षा सावलीत बसून कबुली काढणे सोपे. म्हणून कबुलीची किंमतच शून्य करावी, म्हणजे ती काढण्याचा मोह राहणार नाही, असा या नियमामागील हिशेब होता.

हिशेब बिनचूक होता. परंतु त्याच कायद्याने एक फट ठेवली. आरोपीने कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तिच्या शोधाशी निगडित असलेला माहितीचा भाग पुराव्यात घेता येतो. हेच प्रसिद्ध २७ वे कलम. १९४६ साली पुलुकुरी कोटय्या यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने त्याची मर्यादा आखून दिली. समजा, आरोपी म्हणाला की, ज्या सुऱ्याने अमक्याला भोसकले तो घराच्या आढ्यात दडवून ठेवला आहे. यातील सुरा दडविल्याची गोष्ट ग्राह्य; भोसकल्याची अग्राह्य. तरीही मुद्देमाल सापडला, एवढी पंचनाम्यातील नोंद पुष्कळ खटल्यांचा कणा बनते. तेव्हा कबुलीसाठी नसला तरी मुद्देमालासाठी छळ करण्याचा मोह उरतोच.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि जो नियम परक्या सरकारच्या अविश्वासातून जन्मला होता, त्याला नागरिकाच्या हक्काची जोड मिळाली. कोणत्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे विसाव्या अनुच्छेदाने सांगितले. बाविसाव्याने अटकेचे कारण कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहण्याचा हक्क दिला. गोव्यात १९६१ च्या मुक्तीपर्यंत पोर्तुगीज कायदा चालत होता. त्यानंतर तेथेही भारतीय फौजदारी कायदे लागू झाले.

तथापि हा प्रवास सरळ झाला नाही. १९८७ च्या टाडा कायद्याने पोलीस अधीक्षकापुढील कबुली ग्राह्य ठरविली आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद मान्य केली. टाडा १९९५ मध्ये संपला. २००२ चा पोटा २००४ मध्ये रद्द झाला. परंतु महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का, कर्नाटकाचा २००० चा व गुजरातचा २०१५ चा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा यांत तशीच तरतूद आहे. म्हणजे बेळगाव किंवा वडोदऱ्याच्या रहिवाशालाही, आरोप कोणत्या कायद्याखाली आहे, हे पाहूनच आपला हक्क मोजावा लागतो.

उलट दिशेनेही काही पावले पडली. डी. के. बसू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले. अटकेच्या वेळी तारीखवेळेसह कागद करावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, नातलगाला खबर द्यावी आणि कोठडीतील माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे त्यांत आहे. कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळण्याची तरतूद १९८७ च्या विधिसेवा कायद्यात आहे.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पण जुना नियम व त्याची फट ही दोन्ही त्याच्या २३ व्या कलमात कायम आहेत. खुषीची कबुली आजही मॅजिस्ट्रेटपुढे देता येते. ती घेण्यापूर्वी, कबुली देणे बंधनकारक नाही व दिल्यास ती विरुद्ध वापरली जाईल, हे आरोपीला समजावून सांगावेच लागते. त्याने ऐनवेळी नकार दिला, तर मॅजिस्ट्रेटला त्याला पुन्हा पोलीस कोठडीत धाडता येत नाही. कायद्यातील ही सर्वांत माणुसकीची तरतूद म्हणावी लागेल. कारण नकार देणाऱ्याला भय असते ते ठाण्यात परत जाण्याचे.

या नियमाचा उपयोग बहुधा खटल्याच्या वेळी, म्हणजे अटकेनंतर महिन्यांनी वा वर्षांनी होतो. आरोपीला त्याची गरज असते ती पहिल्या रात्री. त्या रात्री घरच्या माणसांनी अटकेचा कागद मागावा, वकिलाची भेट मागावी आणि पैसे नसल्यास विधिसेवा प्राधिकरणाकडे जावे. मद्रासच्या रयतेला गाऱ्हाणे नेण्यास जागा नव्हती. आज ती आहे, एवढे तरी प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.